कुलूपबंद पेटीपेक्षा सेफ्टी पिनची मोटार बरी

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणारं अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पालकांनी, पत्रकारांनी त्याबद्दल भरपूर लिहिलंय. मी लिहितेय ती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका म्हणून. मुलांना ही खेळणी आवडतात की नाही, हा माझा प्रश्नच नाही. आवडतातच. ज्या शिक्षकाला विज्ञान म्हटलं की पोटात गोळा येतो, त्याच्या हातात हे संकेतस्थळ दिलं तर काय होतं, ते मला सांगायचंय.

आमचा पुरंदर तालुका, शाळा द्विशिक्षकी. मी बारावी आर्ट्स करून डी.एड. केलेलं. आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, निम्म्याहून जास्त शिक्षक असेच आहेत. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध आला तो थेट पाठ्यपुस्तकातून शिकवतानाच. प्राथमिकला विज्ञान स्वतंत्र विषय म्हणून नसतंच. ते परिसर अभ्यासात असतं, भूगोल आणि नागरिकशास्त्राच्या मांडीला मांडी लावून. सामान्य विज्ञानाचं वेगळं पुस्तक येतं ते सहावीला. त्यामुळे 'आपल्याकडे कुठे सायन्स आहे, ते वरच्या वर्गांचं' असं म्हणायची सोय आपोआप झालेली आहे. त्यात शिष्यवृत्तीच्या परीक्षेला भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते, विज्ञानाचा पेपर नाही. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान 2021 साली आलं, ते वाचन आणि संख्याज्ञानासाठी. तेही हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण मग परिसर अभ्यासाची तासिका जाते शालेय पोषण आहारानंतर, मुलं पेंगुळलेली असताना, आणि पाठ वाचून घेतला, खालचे प्रश्न सोडवले की संपतो.

यावरून प्राथमिक शिक्षकाला विज्ञानाची आवडच नाही, असा निष्कर्ष कुणी काढला की मला फार वाईट वाटतं. हेच शिक्षक घरी द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीचं प्रमाण काढतात, ठिबकची जाळी स्वतः जोडतात, विहिरीवरची मोटार बंद पडली की कनेक्शन तपासतात. कुतूहल भरपूर आहे. आडवी येते ती भीती, आणि ती दोन प्रकारची आहे.

एक भीती प्रश्नाची. मराठीच्या तासाला एखाद्या शब्दाचा अर्थ अडला तर शब्दकोश बघू म्हणता येतं. गणितात अडलं तर पुन्हा करून बघता येतं. विज्ञानात चौथीतलं पोर उठून विचारतं, 'बाई, आभाळ निळंच का?' आणि बाईंना वाटतं, आता उत्तर नाही आलं तर वर्गातली पत गेली. म्हणून प्रश्नच येणार नाहीत अशा बेताने धडा पुढे सरकवला जातो.

दुसरी भीती साहित्याची, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बऱ्याच शाळांत कधीतरी, कुठल्यातरी योजनेतून विज्ञानपेटी आलेली असते. आमच्याकडेही होती. पत्र्याची, निळ्या रंगाची, आत थर्माकोलच्या खाचांत बसवलेल्या परीक्षानळ्या, भिंग, होकायंत्र, दोन चुंबकपट्ट्या, तापमापी. दिसायला सुंदर. पण पेटी आली की तिची नोंद जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, होते. मुख्याध्यापक बदलले की चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यायची. नळी फुटली तर शेरा, भिंग हरवलं तर खुलासा, नाहीतर निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव. ज्या वस्तूच्या फुटण्याचा हिशेब द्यावा लागतो, ती वस्तू कुठला शिक्षक तिसरीच्या मुलाच्या हातात देईल? पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. चुंबकपट्ट्या वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहिल्या की त्यांचं चुंबकत्वही उतरतं. तपासणीच्या दिवशी पेटी टेबलावर मांडायची आणि संध्याकाळी परत ठेवायची. पुरवठादाराचं नाव घेण्यात अर्थ नाही. अशी पेटी कुणीही पाठवली असती तरी तिचं हेच झालं असतं.

या दोन्ही भीतींवर एकदम इलाज करणारं साहित्य मला मिळालं ते या संकेतस्थळावर. आणि त्याला कारण आहे, त्याची मुळंच शिक्षकांबरोबरच्या कामात आहेत.

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. 1978 साली पुण्यातल्या नोकरीतून रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे 1972 पासून सहावी ते आठवीच्या 16 सरकारी शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालू होता. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी सुरू केलेला. पुढे 1982 मध्ये त्याच कामासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली. मुलांनी प्रयोग करायचे, निरीक्षणं लिहायची, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायचं आणि प्रात्यक्षिकही द्यायचं, अशी पद्धत. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती शिक्षकांची मासिक बैठक. महिनाभर वर्गात कुठे अडलं, कुठला प्रयोग फसला, मुलाने काय विचारलं, हे शिक्षक तिथे मांडायचे, आणि विद्यापीठांतून, संशोधन संस्थांतून आलेली माणसं त्यांच्या बरोबरीने बसून उत्तर शोधायची. मुलांच्या प्रश्नांसाठी तर 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्रच होतं, त्याला पत्रं लिहायची. म्हणजे प्रश्न ही शिक्षकाच्या अब्रूवर येणारी गोष्ट राहिलीच नाही. 2002 साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम असं थांबवलं गेलं, याची मला आजही हळहळ वाटते.

तिथल्या आठवडी बाजारात हिंडताना गुप्तांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे हवा भरायच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, दिसली. तिचे छोटे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायला सुरुवात केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने मुलांसाठी चालवलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते 2014 पर्यंत अनेक वर्षं होते. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून उभी राहिलेली 'पुलस्त्य' ही तिची इमारत. तिथे अशोक रूपनर आणि विदुला म्हैसकर यांच्यासारखे सहकारी मिळाले आणि शेकडो खेळण्यांची छायाचित्रं, छोटे व्हिडिओ तयार झाले. 2018 मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. संकेतस्थळावर हे सगळं फुकट आहे. नोंदणी नाही, पासवर्ड नाही, वर्गणी नाही. व्हिडिओंना मराठी आवाज दिलेले मिळतात, आणि मराठी-हिंदी पुस्तकांचा मोठा साठाही उतरवून घेता येतो.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल.

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या एकत्र बैठकीत, विज्ञानाचा विषय माझ्याकडे आला, तेव्हा मी भाषण केलं नाही. प्रत्येक टेबलावर एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं गोल कापलेलं रबर, बिघडलेल्या स्पीकरमधल्या चुंबकाचा तुकडा आणि वार्निश केलेली तांब्याची तार ठेवली. तार आणली होती गावातल्याच मोटार भरण्याच्या दुकानातून. जळालेल्या मोटारी तिथे रोज उघडल्या जातात, तुकड्यांना तोटा नसतो. सगळं मिळून खर्च एका टेबलामागे पन्नास रुपयांच्या आत.

मोटार करायची ती अशी. तारेचे दहा-बारा वेढे सेलवरच गुंडाळून एक कडी करायची, दोन टोकं समोरासमोर बाहेर काढायची. सेलच्या दोन्ही टोकांना रबराने सेफ्टी पिना उभ्या बांधायच्या, त्यांच्या वरच्या भोकांत कडीची टोकं अडकवायची, सेलवर चुंबक ठेवायचा. खुबी आहे ती वार्निश खरवडण्यात. एका टोकाचं वार्निश सगळ्या बाजूंनी काढायचं, पण दुसऱ्या टोकाचं फक्त एका बाजूचं, दुसरी बाजू तशीच राहू द्यायची.

आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी, निवृत्तीला आलेले. सुरुवातीलाच म्हणाले, 'मॅडम, आम्ही आर्ट्सवाले, आम्हाला हे जमायचं नाही.' त्यांनी दोन्ही टोकं चकाचक खरवडली. कडी जराशी हलली, थरथरली आणि थांबली. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावर एका नव्या शिक्षिकेची कडी गरगर फिरायला लागली होती. गुरुजी उठून तिकडे गेले, कडी काढून घेतली, चष्मा वर करून टोकं डोळ्यांजवळ धरली. 'ही एका बाजूनं काळीच ठेवलीय,' म्हणाले. आणि मग जे झालं त्यासाठी मी ही परिषद घेतली होती असं म्हणा. टेबलाभोवती सात-आठ जण जमले आणि एकमेकांना विचारू लागले, की अर्धवट खरवडलेली फिरते आणि पूर्ण खरवडलेली का फिरत नाही?

कुणी म्हणालं, जास्त करंट जात असेल. कुणी म्हणालं, तार वाकडी असेल. एकांनी गुरुजींच्या कडीच्या टोकाला एका बाजूने नखांचं पॉलिश लावलं, जवळच एका मॅडमच्या पर्समध्ये होतं म्हणून. वाळल्यावर कडी फिरली. मग उत्तर बाहेर आलं, आणि ते माझ्याकडून नाही आलं. प्रवाह चालू असताना चुंबक कडीला एका दिशेने ढकलतो. अर्धा फेरा झाला की कडीची बाजू उलटते आणि तोच चुंबक तिला मागे ढकलू लागतो. त्या अर्ध्या फेऱ्यात वार्निशची बाजू पिनेला टेकली तर प्रवाह तुटतो, मागे ढकलणारं कुणी राहत नाही, कडी आपल्याच वेगाने पुढे जाते आणि पुन्हा प्रवाह मिळतो. गुरुजींनी हे फळ्यावर चित्र काढून आम्हाला समजावलं. आर्ट्सवाले म्हणवणारे गुरुजी. मी त्यांना इतकं उत्साहात बोलताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

इथेच मला या साहित्याची खरी ताकद दिसते. सेफ्टी पिन वाकली तर फेकून दुसरी घ्या. तार तुटली तर तुटली. नोंदवहीत कशाचीच नोंद नाही, त्यामुळे फसण्याची भीती नाही. आणि खेळणं फिरेना तेव्हा 'का फिरेना' हा प्रश्न शिक्षकाच्याच मनात पहिल्यांदा उठतो. उत्तर न येणं म्हणजे कमीपणा, ही समजूत भाषण देऊन जात नाही. स्वतःच्या हातातली कडी थांबली आणि ती पुन्हा फिरवायची आहे, अशा वेळी ती गळून पडते.

मोटार ही शिक्षकांसाठी. विद्युत मोटार परिसर अभ्यासात नाही, तेव्हा ती चौथीच्या वर्गात आणा असं मी म्हणणार नाही. मुलांसाठी सुरुवात करायची तर काड्यांच्या आकृत्यांनी करा. काड्यांचे गूल आधी खरवडून टाका, हे मोठ्यांनी करायचं काम. व्हॉल्व्ह ट्यूबच्या एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या घातल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून बघायचा, तो वाकत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र दाबला की तिरपा होतो, त्याला मधून एक कर्ण लावला की ताठ उभा राहतो. तिसरीतल्या एका मुलीने हे केल्यावर खिडकीतून विजेच्या टॉवरकडे बोट दाखवलं, 'बाई, त्याच्यात सगळे त्रिकोणच आहेत!' त्या दिवशीचा उरलेला वेळ आम्ही शाळेच्या पत्र्याखालचे लोखंडी अँगल, सायकलची फ्रेम आणि सरपंचांच्या घराच्या छपराची कैची बघण्यात घालवला.

आवाजासाठी पिपाणी उत्तम. संकेतस्थळावर ती स्ट्रॉची आहे: स्ट्रॉचं एक टोक चपटं करून दोन्ही कडा तिरप्या कापायच्या, ओठात धरून फुंकायची, आणि फुंकता फुंकताच दुसऱ्या टोकाकडून कात्रीने तुकडे कापत जायचं. नळी आखूड होईल तसा आवाज चढत जातो. पण 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ थुंकीने लगेच मऊ होते. आमच्याकडे पपईच्या पानाचा देठ आहे, पोकळ आणि फुकट. त्याच्या पिपाण्या आमची मुलं पूर्वीपासून करतात. फक्त लांब आणि आखूड देठ शेजारी धरून वाजवायचे आणि कुठला जाड वाजतो, कुठला बारीक, हे वहीत लिहायचं, एवढी भर शिक्षकाने घालायची.

स्ट्रॉचं झालं तसं आणखी काही वस्तूंचं होतं. बऱ्याच खेळण्यांत कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी किंवा जुनी सीडी लागते. ती खेळणी झाली तेव्हा या वस्तू कचऱ्यात सहज सापडायच्या, आताच्या मुलांनी फिल्मची डबी पाहिलेलीच नाही. तिथे औषधाची झाकणवाली बाटली किंवा पत्र्याचा तुकडा चालवून घ्यावा लागतो. चुंबकांच्या जोरावर पेन्सिल अधांतरी तरंगते त्या खेळण्यात सीडीचं काम फक्त पेन्सिलीच्या टोकाला टेकू देण्याचं आहे, तिथे कुठलाही गुळगुळीत उभा पृष्ठभाग चालतो. त्याला लागणारे कडीच्या आकाराचे चुंबक मात्र गावात मिळत नाहीत. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. कुणी पुण्याला चाललं असेल तर सगळ्या केंद्राचे एकदम मागवून घ्यावेत.

संकेतस्थळाची मांडणी विषयवार आहे, इयत्तावार नाही. हवा, पाणी, आवाज, चुंबक, प्रकाश असे गट. एवढा मोठा खजिना समोर आला की नवा शिक्षक कुठून सुरुवात करू म्हणून गांगरतो, आणि चार व्हिडिओ बघून मोबाइल ठेवून देतो. म्हणून आम्ही परिसर अभ्यासाच्या पाठांची यादी घेऊन बसलो आणि प्रत्येक पाठापुढे एकच खेळणं लिहिलं. पाठाला साजेसं मिळालं नाही तिथे जागा कोरी ठेवली. एका पाठाला एक खेळणं पुरे. व्हिडिओ शाळेत लावायचे तर आधी घरी उतरवून घ्या. आमच्या वाडीवर नेट येतं ते टाकीच्या बाजूला उभं राहिल्यावर.

एक आग्रह मात्र मी धरेन. व्हिडिओ वर्गात दाखवून तासिका संपवू नका. पडद्यावर फिरणारी मोटार बघून मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. आमच्या केंद्रात काही जणांनी सुरुवातीला स्मार्ट टीव्हीवर ओळीने व्हिडिओच लावले, आणि 'आमच्याकडे विज्ञान चालू झालं' असं सांगितलं. ते विज्ञान नव्हे. व्हिडिओ शिक्षकाने एकट्याने बघायचा, खेळणं आदल्या संध्याकाळी स्वतः करून बघायचं, आणि वर्गात मुलांच्या हातात फक्त साहित्य द्यायचं. तुमचं फसलं असेल तर फसलेलंच घेऊन जा आणि मुलांना विचारा, 'हे का चालत नसेल?' आमच्या गुरुजींच्या न फिरणाऱ्या कडीने जेवढं शिकवलं तेवढं फिरणाऱ्या कडीने शिकवलं नाही.

ज्यांना पुण्याला येणं शक्य आहे त्यांनी मुक्तांगण विज्ञान शोधिकेतही जाऊन यावं, आधी विचारून, वेळ ठरवून. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी आयुकाचं आवार सगळ्यांसाठी खुलं असतं, तेव्हा मुलांना घेऊन गेलात तर दिवसभराची सोय करून जा, गर्दी खूप असते. शिक्षकांनी मात्र गर्दीचा दिवस टाळून जावं, म्हणजे खेळणी हाताळता येतात, विचारता येतं.

हे साहित्य कुणासाठी नाही, तेही सांगते. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या पदवीधर शिक्षकांना नुसत्या खेळण्यांवर भागणार नाही. मोजमाप, तक्ते, आलेख, द्रावणं यासाठी त्यांना खरी प्रयोगशाळा लागते, आणि ती मागण्याचा त्यांना हक्क आहे. 'टाकाऊतून सगळं होतं' असं म्हणून शाळांना साहित्यच द्यायचं नाही, असा अर्थ कुणी काढू नये. पेटी द्यावी, पण फुटतूट गृहीत धरून द्यावी. दरवर्षी थोड्या नळ्या, थोडे चुंबक पुन्हा भरून मिळावेत आणि त्यासाठी खुलासा मागू नये. हे मी केंद्रप्रमुखांकडे लेखी दिलंय.

आणि ज्यांना उद्याच सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी यादी एवढीच: आगपेट्यांचा एक पुडा, सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब, एक कात्री. व्हॉल्व्ह ट्यूब मागताना जुन्या काळ्या सायकलींची म्हणून सांगा, नव्या सायकलींना ती लागत नाही. तिचे तुकडे बोटाच्या पेराएवढेच कापा. त्याहून लांब ठेवले तर सांधा ढिला पडतो, आणि मग त्रिकोणही वाकायला लागतो.